राष्ट्रांनी दिलेला शब्द

उत्तर पॅसिफिक महासागरात, अलास्काच्या पश्चिमेस, प्रिबिलॉफ नावाची काही लहान बेटे आहेत. धुके, थंडी आणि खडक यांखेरीज तेथे पाहण्याजोगे फारसे काही नाही. परंतु दर उन्हाळ्यात सील नावाचे समुद्रप्राणी लाखांच्या संख्येने ह्या बेटांवर येतात, तेथेच त्यांची पिले जन्मतात, आणि थंडी वाढू लागली की ते पुन्हा खुल्या समुद्राकडे वळतात. ह्या प्राण्याचे कातडे अत्यंत मऊ व ऊबदार. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या बाजारांत त्याला मोठा भाव होता. १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतला, त्याबरोबर ही बेटेही तिच्या ताब्यात आली. बेटावर शिकार करताना नर तेवढे निवडून मारता येत, माद्या व पिले राखता येत. समुद्रात असा विवेक शक्य नव्हता. शिकारी गलबतांवरून जो प्राणी दिसेल त्यावर गोळी झाडली जाई; त्यांत माद्याच अधिक सापडत, मारलेले कित्येक प्राणी हाती न लागता बुडून जात, आणि बेटावर आईची वाट पाहणारी पिले उपाशी मरत.

ही गलबते मुख्यतः कॅनडाची व जपानची होती. प्रकरण लवादापर्यंत गेले, आणि १८९३ साली पॅरिस येथे निकाल अमेरिकेविरुद्ध लागला; खुल्या समुद्रावर कोणा एकाची मालकी नाही, असे ठरले. निकाल न्यायाचा असेलही, परंतु त्याने सीलांचे काही भले झाले नाही. कळप वर्षानुवर्षे झडत गेले. शेवटी १९११ च्या जुलै महिन्यात अमेरिका, कॅनडातर्फे ब्रिटन, जपान आणि रशिया ह्या चार सत्तांनी एक करार केला. समुद्रातील शिकार सर्वांनी बंद करावी, आणि तिच्या मोबदल्यात अमेरिका व रशिया यांनी आपल्या बेटांवर दरसाल मिळणाऱ्या कातड्यांपैकी शेकडा १५ कॅनडाला आणि शेकडा १५ जपानला द्यावीत, असे त्यात ठरले. शिवाय, कराराबाहेर मारलेल्या सीलांची कातडी ह्या चौघांपैकी कोणीही आपल्या देशात येऊ देऊ नयेत, असाही एक नियम होता. चौघांत परस्परांविषयी प्रेम होते, असे मुळीच नाही. रशिया व जपान यांच्यातील युद्ध संपून पुरती सहा वर्षेही लोटली नव्हती. तरीही हा करार पहिल्या महायुद्धातून तरून गेला आणि जपान १९४१ साली त्यातून बाहेर पडेपर्यंत तीस वर्षे टिकला. तेवढ्या काळात कळप पुन्हा भरून आले.

सीलांची ही कथा स्कॉट बॅरेट नावाच्या एका अर्थशास्त्रज्ञाने फार बारकाईने अभ्यासली आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे लंडन, वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथे अध्यापन केले. पर्यावरण आणि राजनीती यांच्या संबंधांवरील त्यांच्या २००३ सालच्या ग्रंथात ह्या करारावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. पृथ्वीचे वाढते तापमान आणि जगभर पसरणारे साथीचे रोग हे त्यांच्या संशोधनाचे दोन मुख्य विषय. प्रथमदर्शनी ह्या दोहोंची सांगड विचित्र वाटेल. एक हवेचा प्रश्न, दुसरा रोगाचा; एकाची गती शतकाची, दुसऱ्याची आठवड्याची. पण दोहोंच्या तळाशी प्रश्न एकच आहे. ज्या गोष्टीत सर्वांचे हित आहे आणि जी कोणा एकाला साधत नाही, ती गोष्ट स्वतंत्र व सार्वभौम राष्ट्रे एकत्र येऊन कशी साधतात? आणि कित्येकदा ती त्यांना का साधत नाही?

श्रावणातल्या सोमवारी घरोघर सांगितली जाणारी खुलभर दुधाची कहाणी श्रोत्यांना आठवत असेल. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात आले, त्याने दवंडी पिटविली, आणि धाकाने गावातल्या सगळ्यांनी घरातले सगळे दूध आणून ओतले. गाभारा काही भरला नाही. पुढचा भाग सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ह्या कहाणीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे निदान दवंडी पिटणारा राजा तरी होता. राष्ट्रांच्या समूहात तोही नाही. दूध न आणणाऱ्याला शिक्षा करील असा अधिकारी त्यांच्यावर कोणी नाही; जे राष्ट्र करारावर सही करीत नाही त्याला सही करावयास लावता येत नाही, आणि जे सही करते त्याला पुढे अंग काढून घेण्यापासून रोखता येत नाही. करार टिकावयाचा तर तो स्वतःच्याच बांधणीवर टिकला पाहिजे.

१९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात बॅरेट यांनी ह्या परिस्थितीचे गणित मांडले. त्यातून निघालेला निष्कर्ष काहीसा कडू आहे. असा स्वयंपालित करार एक तर थोड्याच राष्ट्रांचा होतो. किंवा पुष्कळ राष्ट्रांचा झाला, तर करार नसता तेव्हा जे घडले असते त्याहून फारसे अधिक त्यातून साधत नाही. सहकार्याने जेथे सर्वांत मोठा लाभ व्हावयाचा, नेमका तेथेच करार दुबळा ठरतो. कारण उघड आहे. लाभ जितका मोठा आणि खर्च जितका जड, तितका इतरांना खर्च करू देऊन आपण बाजूला राहण्याचा मोहही मोठा. चाळीच्या जिन्यातील दिव्याची वर्गणी कोण बुडवितो हे चाळीत सर्वांना ठाऊक असते, आणि त्याला रोज त्याच जिन्याने चढावे लागते. सुमारे दोनशे राष्ट्रांच्या ह्या चाळीत असा जिना नाही.

मग सीलांचा करार कसा टिकला? पक्ष चारच होते, ही एक गोष्ट. परंतु खरी मेख त्या शेकडा पंधराच्या वाट्यात होती. शिकार सोडणाऱ्याला शिकारीहून अधिक मिळत होते, वाटा देणाऱ्याला वाटा देऊनही पूर्वीपेक्षा अधिक उरत होते, आणि चौघांपैकी एकजण फुटला तर करार कोसळून सर्वांचेच, फुटणाऱ्याचेही, नुकसान होणार होते. आणखी कोणी पाचवा येऊन शिकार करू लागता, तर आयातबंदीमुळे त्याला आपला माल मुख्य बाजारांत विकता आला नसता. शब्द पाळण्यात प्रत्येकाचा फायदा होता, म्हणून शब्द पाळला गेला.

सर्वच सामाईक कामे एका जातीची नसतात, हा बॅरेट यांच्या विवेचनातील दुसरा महत्त्वाचा धागा. २००७ सालच्या ग्रंथात त्यांनी त्यांच्या जाती वेगळ्या करून दाखविल्या आहेत. काही कामे एकाच समर्थ राष्ट्राने केली तरी सर्वांना पुरतात. पृथ्वीवर आदळू पाहणारी एखादी अवकाशातील शिळा कोणी एकाने वळविली तरी सारे वाचतात. काही कामांत सर्वांच्या प्रयत्नांची बेरीज महत्त्वाची. हवेतील कार्बन वायू कमी करणे हे त्या जातीचे. आणि काही कामांत सर्वांत दुबळ्याचा प्रयत्न निर्णायक ठरतो. नदीकाठचा बांध जेथे सर्वांत खुजा, पाणी तेथूनच गावात शिरते, मग इतरांनी आपापला बांध कितीही उंच घातलेला असो.

देवीचा रोग ह्या शेवटच्या जातीत मोडत होता. आज तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीला देवीचे वण असलेला चेहरा क्वचितच पाहावयास मिळाला असेल, पण तिच्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर टोचल्याची खूण अजून आहे. हा रोग माणसाखेरीज अन्य प्राण्यांत वस्ती करीत नव्हता, रोगी ओळखू येण्यास सोपा होता, आणि लस उष्ण हवेतही टिकेल अशी बनविता येत होती. म्हणून तो जगातून समूळ नाहीसा करणे शक्य होते. सोव्हिएत रशियाच्या प्रतिनिधीने १९५८ साली जागतिक आरोग्य संघटनेपुढे तसा प्रस्ताव मांडला. आठ-नऊ वर्षे तो बव्हंशी कागदावरच राहिला. १९६६ साली वाढीव निधीचा ठराव निसटत्या बहुमताने संमत झाला आणि १९६७ पासून मोहिमेला खरा वेग आला. तिचा प्रमुख डी. ए. हेंडरसन हा अमेरिकन होता, आणि लशीचा फार मोठा भाग रशियातून येत होता. शीतयुद्ध ऐन भरात असतानाची ही गोष्ट आहे, हे विसरता कामा नये.

१९७४ साली बिहारात देवीने हाहाकार उडविला होता. पुढल्याच वर्षी भारतातील शेवटचा रोगी आढळला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बांगलादेशातील भोला बेटावरील एका चिमुरडीला तीव्र जातीच्या देवी आल्या, आणि त्या जातीचा नैसर्गिकरीत्या आढळलेला तो जगातील शेवटचा रोगी ठरला. सौम्य जातीचा शेवटचा रोगी १९७७ साली सोमालियातील मर्का गावी सापडला. तो तेथल्या रुग्णालयातील आचारी होता. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले.

ह्या मोहिमेचा हिशेब बॅरेट यांना विशेष उद्बोधक वाटतो. १९६७ नंतरचा एकूण खर्च सुमारे ३० कोटी डॉलर. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश भार ज्या गरीब देशांत रोग होता त्यांनीच उचलला, आणि बाहेरून आलेले साहाय्य १० कोटींच्या आसपास होते. उलट, केवळ अमेरिकेत देवीच्या लसीकरणापायी वर्षाला सुमारे १५ कोटी डॉलर खर्च होत असत, आणि रोग नाहीसा झाल्यावर तो खर्च कायमचा वाचला. म्हणजे एकट्या अमेरिकेने सारे बाहेरील साहाय्य दिले असते तरी वर्षभरात तिची रक्कम वसूल होऊन वर शिल्लक उरली असती. इतका किफायतशीर सौदा असूनही निधीसाठी हेंडरसन यांना दारोदार हिंडावे लागले. जगाच्या इतिहासातील हे यश अगदी थोडक्यात हुकता हुकता राहिले, असे बॅरेट म्हणतात ते ह्यामुळेच.

तोच प्रयोग पोलिओच्या बाबतीत १९८८ पासून चालू आहे, आणि तेथे दुबळ्या बांधाचा अनुभव पुनःपुन्हा आला. २००३ साली उत्तर नायजेरियातील कानो प्रांताने लसीविषयीच्या संशयामुळे मोहीम थांबविली, आणि पोलिओमुक्त झालेल्या कित्येक देशांत तो रोग पुन्हा शिरला. भारतात शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे आढळला. पाकिस्तान व अफगाणिस्तान येथून रानटी विषाणूचे उच्चाटन व्हावयाचे राहून गेले, आणि तेवढ्यासाठी सर्व जगाला आपल्या बालकांना डोस पाजीत राहावे लागते.

हवेकडे वळले की चित्र पालटते. तेथेही एक लख्ख यश आहे. शीतपेट्यांत व फवाऱ्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू उंच वातावरणातील ओझोनचे कवच झिजवितात, असे १९७४ साली मोलिना व रोलँड ह्या शास्त्रज्ञांनी दाखविले. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरील ओझोनला पडलेले खिंडार जगापुढे आले, आणि १९८७ च्या १६ सप्टेंबरला मॉन्ट्रिअल येथे करार झाला. सीलांच्या करारातील दोन्ही कळा येथे पुन्हा दिसतात. कराराबाहेर राहणाऱ्या देशाशी ह्या वायूंचा व्यापार करावयाचा नाही, ही एक. आणि १९९० साली लंडन येथे स्थापन झालेला निधी, ज्यातून गरीब देशांच्या जादा खर्चाची भरपाई व्हावयाची, ही दुसरी. भारताने व चीनने प्रथम सही करण्याचे नाकारले होते. निधीची तरतूद झाल्यावर चीन १९९१ साली व भारत १९९२ साली करारात आला. २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाचे झाडून सारे सभासद त्यात सामील झाले होते.

मॉन्ट्रिअलनंतर दहा वर्षांनी, १९९७ च्या डिसेंबरात, क्योटो येथे कार्बन वायूविषयी करार झाला तेव्हा रचनेचे हे मर्म कसे निसटले, ह्याचे नवल वाटते. श्रीमंत राष्ट्रांनी वायूंच्या उत्सर्जनात ठरावीक कपात करावी, असे त्यात होते. पण न करील त्याचे काय? त्यावर पुढे नियम झाला तो असा, की जो कमी पडेल त्याने पुढल्या मुदतीत ती तूट तीस टक्के वाढवून भरून काढावी. पुढल्या मुदतीचे आकडे मात्र वाटाघाटींनी, म्हणजे चुकणाऱ्याच्याही संमतीने, ठरावयाचे! सावकाराने ऋणकोला सांगावे की, व्याजासह रक्कम पुढल्या वर्षी दे, आणि पुढल्या वर्षी किती द्यावयाचे तेही तूच सांग. त्यांतलाच हा प्रकार. अमेरिकेने सही करूनही करार कधी मंजूर केला नाही आणि २००१ साली त्याचा त्याग केला. कॅनडाचे उत्सर्जन वाढत गेले, आणि २०११ साली त्याने बाहेर पडण्याची नोटीस दिली. दंड कोणालाच झाला नाही. हा करार २००५ साली अमलात येण्यापूर्वीच बॅरेट यांनी त्याचे दुबळेपण लिहून ठेवले होते.

पॅरिस येथे २०१५ साली झालेल्या कराराने मार्ग बदलला. तेथे प्रत्येक राष्ट्राने आपला शब्द आपणच ठरवावयाचा आहे. त्यामुळे जवळजवळ सारे जग सामील झाले. परंतु मागितलेच थोडे, म्हणून येणारे फार, ही बॅरेट यांची जुनी शंका त्याला अचूक लागू पडते. रिओ येथे पहिला हवामान-करार झाला त्या १९९२ साली हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन-डाय-ऑक्साइडचे सुमारे ३५६ भाग होते. २०२४ साली ते ४२४ वर गेले. एवढ्या अवधीत परिषदा जवळजवळ दरसाल भरत होत्या.

बॅरेट केवळ दोष दाखवून थांबत नाहीत. समुद्रात तेलवाहू जहाजे टाक्या धुऊन तेल सोडीत असत. १९५४ च्या करारात किती तेल सोडावे ह्याला मर्यादा घातली. भर समुद्रात ती मोजणार कोण? १९७० नंतरच्या करारांत युक्ती बदलली. तेलाच्या टाक्या आणि जहाज स्थिर ठेवण्यासाठी घेतलेल्या पाण्याच्या टाक्या अगदी वेगळ्या असाव्यात, असा जहाजाच्या बांधणीचाच नियम केला. असे जहाज आहे की नाही हे बंदरात उभ्या उभ्या दिसते, आणि मोठी बंदरे एकदा तशीच जहाजे घेऊ लागली की दुसऱ्या बांधणीचे जहाज बाळगण्यात अर्थ राहत नाही. हवेच्या बाबतीतही एकच प्रचंड करार करण्याऐवजी असे धंद्यागणिक, वस्तूगणिक लहान करार करावेत, असे त्यांचे मत आहे. २०१६ साली किगाली येथे शीतपेट्यांतील नव्या वायूंविषयी मॉन्ट्रिअलच्या कराराला जी पुरवणी जोडली गेली, ती ह्या विचाराला धरून आहे.

साथीच्या रोगांत मात्र तिन्ही जातींची कामे एकत्र गुंतलेली असतात, आणि म्हणूनच तेथला गुंता अधिक बिकट. लस शोधून काढणे एका समर्थ राष्ट्राला जमते. ती पुरेशी बनविणे ही बेरजेची गोष्ट. आणि साथीची पहिली ठिणगी पडताच ती ओळखून जगाला कळविणे हे दुबळ्या बांधाचे काम; पण ह्या बांधाला एक विलक्षण दोष आहे. जो कळवितो त्याला शिक्षा होते.

मुंबईइतका ह्याचा जुना अनुभव फार थोड्या शहरांना असेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोग्यांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. व्यापारी शहरात प्लेगचे नाव काढणे सोपे नव्हते. अधिकाऱ्यांनी आरंभी सौम्य शब्दांनी वेळ निभावून नेण्याचा प्रयत्न केला. परंतु बातमी युरोपात पोचली, आणि १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे केवळ ह्या प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईच्या मालाला व उतारूंना परदेशी बंदरे बंद होण्याची भीती उभी राहिली, आणि त्याच फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात त्या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली आणि तिचा शेवट २२ जूनच्या रात्री कसा झाला, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने हाताशी घेतला तो हाच १८९७ चा कायदा.

आज लागू असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य-नियम २००५ सालचे आहेत. धोक्याची घटना निश्चित होताच चोवीस तासांत ती जागतिक आरोग्य संघटनेस कळविणे त्यांत बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षा नाही, आणि कळविल्यास संरक्षणही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी कोविडचा ओमिक्रॉन हा नवा अवतार तत्परतेने ओळखून जगापुढे मांडला. दोन-चार दिवसांतच अनेक राष्ट्रांनी त्या देशाची विमाने बंद केली. पुढल्या वेळी एखाद्या आरोग्यमंत्र्याने क्षणभर हात आखडता घेतला, तर त्याला कोणत्या तोंडाने बोल लावावयाचा?

लसीच्या बाबतीत जे घडले ते तर ताजेच आहे. गरीब देशांना लस मिळावी म्हणून कोव्हॅक्स नावाची योजना उभारण्यात आली आणि २०२१ च्या अखेरपर्यंत दोनशे कोटी मात्रा पोचवावयाच्या, असे ठरले. शंभराव्या कोटीची मात्रा पोचली ती जानेवारी २०२२ मध्ये. श्रीमंत राष्ट्रांनी आधीच आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रा राखून ठेवल्या होत्या. कोव्हॅक्सची मोठी भिस्त पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती. परंतु २०२१ च्या वसंतात भारतात दुसरी लाट उसळू लागली तेव्हा लसीची निर्यात थांबली आणि कोव्हॅक्ससाठी ती पुन्हा सुरू होण्यास नोव्हेंबर उजाडला. ज्या महिन्यांत स्मशानांत जागा मिळत नव्हती, त्या महिन्यांत दुसरा निर्णय घेणारे सरकार टिकले असते काय? खुलभर दुधाच्या कहाणीतील म्हातारीने आधी लेकरांना पाजले, वासरांना पाजले, आणि मग उरलेले खुलभर दूध देवाला नेले. तिच्या दुधाने गाभारा भरला. आफ्रिकेतील ज्या परिचारिका व वृद्ध त्या महिन्यांत लसीविना राहिल्या, त्यांच्यापर्यंत मात्र हे खुलभर वेळेवर पोचले नाही.

येथे बॅरेट यांच्या उपपत्तीची मर्यादाही दिसते. राष्ट्रे आपले हित पाहतात, तेव्हा करार हिताला धरून बांधा, हा त्यांचा सल्ला शहाणपणाचा आहे खरा. देवीच्या बाबतीत श्रीमंताची बचत आणि गरिबाचा जीव ह्या दोन्ही गोष्टी एकाच सुईच्या टोकावर येऊन मिळाल्या. हवेच्या बाबतीत त्या तशा मिळत नाहीत. ज्यांनी शतकभर कोळसा जाळला ते एकीकडे, आणि ज्यांची शेते प्रथम करपणार किंवा बुडणार ते दुसरीकडे. ही न्यायाची बाजू बॅरेट यांना अज्ञात आहे, असे नव्हे. पण त्यांच्या मांडणीत ती मागच्या बाकावर बसते, आणि भारतासारख्या देशाचा वाचक ते निमूटपणे मान्य करील, असे वाटत नाही.

त्यांनी आस्ट्रिड डॅनेनबर्ग ह्या सहकारी विदुषीबरोबर केलेला एक प्रयोग ह्या संदर्भात सांगण्याजोगा आहे. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. जर्मनीतील विद्यार्थ्यांचे दहा-दहांचे गट करून प्रत्येकाला खरे पैसे दिले. गटाने मिळून ठरावीक रकमेची वर्गणी जमविली नाही, तर सर्वांच्याच पैशांचा मोठा भाग बुडणार, अशी अट होती. अनर्थ टाळण्यास नेमकी किती वर्गणी लागेल हे ठाऊक असताना बहुतेक गटांनी ती जमविली. मग तो आकडा अनिश्चित केला. अमुक आणि तमुक यांच्या दरम्यान कोठेतरी, एवढेच सांगितले. त्याबरोबर बोलणी तीच, सदिच्छा तीच, पण वर्गणी ढासळली आणि जवळजवळ सर्व गट बुडाले. ह्यांत नीतिमत्तेचा फरक नव्हता, कारण मुले एकाच विद्यापीठातील होती. पृथ्वी नेमकी किती अंशांवर कोलमडेल हा आकडा विज्ञान आज रेखीवपणे सांगू शकत नाही, आणि राष्ट्रे त्या दुसऱ्या खेळातील विद्यार्थ्यांप्रमाणे वागतात.

कोविडनंतर तीन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी होऊन २० मे २०२५ रोजी जिनीव्हा येथे महासाथींविषयीचा करार जागतिक आरोग्य सभेने स्वीकारला. १२४ राष्ट्रे अनुकूल, विरुद्ध कोणी नाही, आणि ११ तटस्थ. अमेरिकेने त्याच वर्षीच्या जानेवारीत संघटना सोडण्याची नोटीस दिली होती. ती ह्या मतदानात नव्हती. करारातील सर्वांत अवघड कलम मात्र त्या दिवशी एका वेगळ्या परिशिष्टासाठी राखून ठेवण्यात आले. नव्या रोगाच्या विषाणूचे नमुने ज्या देशात सापडतील त्याने ते तत्काळ जगाला द्यावेत; आणि त्यांपासून ज्या लसी व औषधे बनतील त्यांचा वाटा त्या देशाला मिळावा; पण किती, केव्हा आणि कोणत्या भावाने? प्रिबिलॉफच्या कातड्यांचा शेकडा पंधराचा प्रश्न शंभरावर वर्षांनी पुन्हा टेबलावर आला, आणि ह्या खेपेस भोवती बसलेले चार नव्हेत, दीडशेच्या वर आहेत.

विषाणूंच्या नमुन्यांचीच गोष्ट निघाली म्हणून देवीचाही उल्लेख करावयास हवा. १९८० साली जो रोग नाहीसा झाला त्याचा विषाणू अमेरिकेत अटलांटा येथे आणि रशियात कोल्त्सोवो येथे अशा दोन ठिकाणी गोठवून ठेवलेला आहे. तो नष्ट करावा अशी शिफारस झाली, तारखा ठरल्या, १९९३ ची टळली, १९९९ ची टळली. दुसऱ्याने आपला साठा खरोखरच नष्ट केला आहे काय, आणि तिसऱ्या कोणाजवळ तो लपविलेला नाही ना, ह्याची खात्री कोणाला देता आलेली नाही. म्हणून दोन्ही शीतगृहांची दारे बंद आहेत आणि त्यांवर पहारा आहे.